'कुठे चाललात?' या प्रश्नाचं रोजच्या फिनिशमधलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: फिनलंडमधल्या एस्पो शहरात येऊन वर्ष होत आलं. कोर्समध्ये सहा स्थानवाचक विभक्त्यांचे तक्ते पाठ केले, परीक्षेत गुणही बरे मिळाले. पण ऑफिसात कुणी 'कुठे चाललास?' असं विचारलं, की 'आन' लावू की 'ल्ले' यातच गाडी अडते आणि तोवर समोरचा इंग्रजीवर गेलेला असतो. शिवाय लोक पुस्तकातलं बोलतच नाहीत. मग काय शिकावं, आणि कोणत्या क्रमाने?

मी नव्याने आलेल्या भारतीयांना फिनिश शिकवते. हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो, आणि मराठी माणसाला त्याचं उत्तर इतरांपेक्षा लवकर पचतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लेखनाबद्दल. फिनिशमध्ये स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्थ ठरतो, म्हणून मी दीर्घ स्वर मुद्दाम दोनदा लिहिले आहेत: 'आआ', 'एए', 'ओओ'. 'ई' आणि 'ऊ' दीर्घ, 'इ' आणि 'उ' ऱ्हस्व, मग ते शब्दाच्या शेवटी असले तरी. 'बॅट'मधला स्वर 'ॲ'ने दाखवला आहे. ओठ गोल करून म्हणायचे दोन स्वर आपल्याकडे नाहीत, ते 'यु' आणि 'यो' असे लिहिले आहेत. त्यांचा खरा उच्चार कानाने ऐकूनच घ्या.

आता मुद्दा. तक्ता बाजूला ठेवा. ठिकाणाचं नाव कधीही एकटं शिकू नका, 'तिथे जायचं' हे रूप धरूनच शिका. 'दुकान म्हणजे काउप्पा' असं वहीत लिहू नका. 'मॅ मेएन काउप्पाआन' म्हणजे 'मी दुकानात चाललोय', असं अख्खं वाक्य लिहा. आणि विभक्तीच्या आधी क्रियापद ठरवा, कारण विभक्ती क्रियापदामागून येते. अडखळणारे बहुतेक लोक क्रियापद न ठरवताच प्रत्यय शोधायला लागतात.

क्रियापदं मुख्यतः तीन. 'मेन्नॅ' म्हणजे जाणं, 'लॅहतेॲ' म्हणजे निघणं आणि 'कॅयुदॅ' म्हणजे जाऊन येणं. हे तिसरं क्रियापद पाठ्यपुस्तकं बऱ्याचदा मागे टाकतात. मी ते पहिल्याच आठवड्यात शिकवते, कारण रोजच्या बोलण्यात त्याच्यावाचून पान हलत नाही. आपण घरातून बाहेर पडताना 'दुकानात जाऊन येतो' म्हणतो, अगदी तेच फिनिश माणूस 'मॅ कॅयुन काउपास्सा' असं म्हणतो. इथे 'काउप्पाआन' नाही, 'काउपास्सा' आहे. 'कॅयुदॅ'ला 'तिथे'चं रूप लागतं, 'तिकडे'चं नाही. 'मॅ कॅयुन काउप्पाआन' हे मराठी विद्यार्थ्यांकडून मला वारंवार ऐकू येतं. फिनिश माणसाला ते समजतं, पण कानाला खटकतं.

फरक अर्थातही आहे. 'मॅ मेएन काउप्पाआन' यात तुम्ही तिकडे निघालात एवढंच कळतं. 'मॅ कॅयुन काउपास्सा' यात परत येणार हे गृहीत आहे. म्हणून बायकोला, नवऱ्याला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगताना बहुधा दुसरं वाक्य येतं. 'लॅपलंडला जाऊन आलात का कधी?' हेही याच क्रियापदाने विचारतात: 'ओओत्सॅ कॅयुन्यु लापिस्सा?' मराठीत 'जाऊन येणं' हा जोड आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. जिथे तो येईल तिथे 'कॅयुदॅ' घाला, बहुतेक वेळा बरोबर येईल.

ऑफिसातला एक प्रसंग घ्या. फिनलंडमध्ये दुपारचं जेवण लवकर होतं, अकरा वाजताच हालचाल सुरू होते. सहकारी खुर्ची मागे सारत विचारते: 'लॅहेत्सॅ लोउनाआल्ले?' म्हणजे 'येतोस का जेवायला?' तुम्ही म्हणता: 'योओ, मॅ तून. मॅ कॅयुन एका वेस्सास्सा.' 'हो, येतो. आधी टॉयलेटला जाऊन येतो.' या दोन ओळींत बरंच काही आहे. निघण्याचं क्रियापद 'लॅहतेॲ', पण बोलीत ते झिजून 'लॅहेन', 'लॅहेत' होतं आणि त्यालाच 'तू' चिकटून 'लॅहेत्सॅ' तयार होतं. 'तून' म्हणजे पुस्तकातलं 'तुलेन', येतो. 'एका' म्हणजे आधी. आणि टॉयलेटला जायचं ते 'कॅयुदॅ'ने, कारण परत यायचंच आहे.

पुस्तकातलं 'मिनॅ मेनेन' बोलण्यात 'मॅ मेएन' होतं, 'सिनॅ मेनेत'चं 'सॅ मेएत' होतं. 'आम्ही जातो' हे 'मे मेन्नॅॲन', आणि 'चला, जाऊ या' म्हणायलाही तेच 'मेन्नॅॲन' चालतं. प्रश्न येतो तो बहुधा 'मिहिस सॅ मेएत?' किंवा 'मिन्ने सॅ ओओत मेनोस्सा?' या रूपात. 'मिहिन' (वरच्या प्रश्नात 'मिहिस') आणि 'मिन्ने' दोन्हींचा अर्थ 'कुठे', कोणतंही चालेल. 'मॅ ओओन मेनोस्सा' म्हणजे 'चाललोय', वाटेत असताना किंवा बेत ठरलेला असताना. भविष्यकाळाचं वेगळं रूप फिनिशमध्ये नाही. 'उद्या ताम्पेरेला जातोय' असं आपण म्हणतोच, तसंच तिथेही वर्तमानकाळ वापरून 'हुओमेन्ना मॅ मेएन ताम्पेरेएल्ले' म्हणून मोकळं व्हायचं.

आता प्रत्ययांकडे. 'तिकडे जाण्या'चे दोन गट आहेत. एक आत जाण्याचा: 'काउप्पाआन', 'कोउलून' (शाळेत), 'किर्यास्तोओन' (वाचनालयात), 'आप्तेएक्कीन' (औषधांच्या दुकानात). दुसरा पृष्ठभागावर किंवा उघड्या जागी जाण्याचा, त्याला 'ल्ले': 'आसेमाल्ले' (स्टेशनवर), 'प्युसॅकिल्ले' (बसस्टॉपवर), 'तोरिल्ले' (बाजारचौकात), 'रान्नाल्ले' (किनाऱ्यावर). मराठीत 'त' आणि 'वर' यांची जी वाटणी आहे ती पुष्कळदा जुळते, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. आपण 'कामावर' जातो, ते 'त्योइहिन' जातात, म्हणजे आत, आणि तेही अनेकवचनात. लग्नालाही तसंच, 'हॅइहिन'. डॉक्टरकडे जायचं ते 'लॅॲकॅरीन', आतल्या गटात, पण केस कापायला 'काम्पाआयाल्ले', बाहेरच्या गटात. यामागचं कारण शोधत बसण्यापेक्षा ती जशीच्या तशी तोंडात बसवावीत.

'ल्ले' गटात आणखी एक मोठं घर आहे, ते म्हणजे कामधाम बाजूला ठेवून करायच्या गोष्टी. 'काहविल्ले' (कॉफीला), 'लोउनाआल्ले' (जेवायला), 'कॅवेल्युल्ले' (फेरफटका मारायला), 'लेंकिल्ले' (पळायला किंवा कुत्र्याला फिरवायला), 'लोमाल्ले' (सुट्टीवर). उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी निम्मं ऑफिस 'म्योकिल्ले' निघालेलं असतं, म्हणजे तळ्याकाठच्या लाकडी घरी. पण 'साउनाआन' मात्र आत. रानात बेरी वेचायला जायचं तर 'मार्याआन', अळंबी वेचायला 'सिएनेएन'. ही दोन्ही शब्दशः 'बेरीत' आणि 'अळंबीत' आहेत, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती कानावर पडत राहतात.

क्रियापदावरून उत्तर द्यायचं असेल तर मराठी माणसाला काही नवं शिकावं लागत नाही. आपला 'आयला' तिथे 'माआन' किंवा 'मॅॲन' होतो. जेवायला 'स्युयोमॅॲन', झोपायला 'नुक्कुमाआन', पोहायला 'उइमाआन', आणायला 'हाकेमाआन'. 'मॅ मेएन हाकेमाआन लाप्सेत पॅइवॅकोदिस्ता', मुलांना पाळणाघरातून आणायला चाललोय. लहान मुलं असतील तर हे वाक्य रोज चारच्या सुमाराला लागतंच. आणि 'आणायला जाऊन येतो' म्हणायचं असेल तर पुन्हा 'कॅयुदॅ', आणि शेपूट बदलतं: 'मॅ कॅयुन हाकेमास्सा लाप्सेत'.

याच वाक्यातल्या पाळणाघराकडे नीट बघा. 'पॅइवॅकोदिस्ता' म्हणजे पाळणाघरातून, त्यात 'द' आहे. सकाळी मुलांना तिथे सोडायला जाता तेव्हा मात्र 'पॅइवॅकोतीन', त्यात 'त'. मूळ शब्द 'कोति', घर. फिनिशमध्ये शब्दाच्या मधले 'क', 'प', 'त' प्रत्ययाप्रमाणे कधी घट्ट राहतात, कधी सैल होतात. 'तिथे' आणि 'तिथून' म्हणताना सैल होतात, पण आत जाण्याच्या रूपात ते घट्टच राहतात. हेलसिंकीत राहणारा 'हेल्सिंगिस्सॅ' राहतो, पण जातो 'हेल्सिंकीन'. तुर्कूत 'तुरुस्सा', तुर्कूला 'तुर्कून'. लाहतीत 'लाहदेस्सा', लाहतीला 'लाहतेएन'. हेलसिंकीतल्या काम्पी भागात 'काम्पिस्सा', काम्पीला 'काम्प्पीन', दोन 'प' ऐकू आले पाहिजेत. 'ल्ले' मात्र सैल करतो: 'म्योक्कि' हे घर, जायचं 'म्योकिल्ले', एक 'क' गळला. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 'पुणे'चं 'पुण्याला' आणि 'घोडा'चं 'घोड्यावर' करताना आपण शब्दाचं सामान्यरूप बनवतोच, फक्त त्याचा विचार करत नाही.

आत जाण्याच्या रूपाच्या तीन घडणी आहेत. सगळ्यात जास्त शब्द पहिल्या घडणीत बसतात: शेवटचा स्वर लांबवायचा आणि 'न' लावायचा. 'कोउलु', 'कोउलून'. एकाक्षरी शब्द किंवा शेवटी जोडस्वर असलेले शब्द मध्ये 'ह' घेतात. 'माआ' (जमीन, देश) याचं 'माआहान' होतं, आणि मुंबईचं 'मुम्बाइहिन'. लांब शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर असेल तर 'सेएन', जसं 'एस्पोओसेएन', 'पोर्वोओसेएन', आणि 'हुओने' (खोली) सारखे 'ए'कारान्त शब्दही 'हुओनेएसेएन' होतात. परकी गावं मात्र साधी राहतात, म्हणून पुण्याला जायचं ते नुसतं 'पुनेएन'. याच्या पुढचे बारकावे हळूहळू येतात, त्यासाठी थांबून राहू नका.

गावांची नावं हा वेगळा विषय आहे, आणि मला मनापासून आवडणारा. एस्पो आणि वान्ता ही हेलसिंकीला खेटून असलेली दोन शहरं, दोन्हींच्या शेवटी दीर्घ स्वर. तरी जायचं 'एस्पोओसेएन', पण 'वान्ताआल्ले'. वान्ता हे नाव मुळात नदीचं, आणि नदी, धबधबा, तळं, टेकडी अशा नावांच्या गावांना पुष्कळदा 'ल्ले' लागतं. पण नियम म्हणून छातीवर हात ठेवून सांगता येईल असं काही नाही. 'निएमि' म्हणजे पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक. हेलसिंकीतल्या हाकानिएमीला जायचं 'हाकानिएमेएन', लॅपलंडमधल्या रोवानिएमीला 'रोवानिएमेल्ले'. तोच शब्द, दोन वेगळे प्रत्यय. शेवटी तिथले लोक काय म्हणतात ते खरं, आणि भाषेची अधिकृत संस्था कोतुसही स्थानिकांच्या वापराकडेच बोट दाखवते. देशांमध्ये बहुतेक सगळे आतल्या गटात आहेत: 'रुओत्सीन' (स्वीडनला), 'विरोओन' (एस्टोनियाला), 'इंतिआआन' (भारतात). रशिया मात्र वेगळा, 'वेनॅयॅल्ले'.

सरावासाठी मी हेलसिंकीहून उत्तरेला जाणारा रेल्वेमार्ग देते, कारण एकाच मार्गावर जवळजवळ सगळे प्रकार भेटतात. 'पासिलाआन', 'तिक्कुरिलाआन', 'केरावाल्ले', 'यॅर्वेन्पॅॲहॅन', 'ह्युविंकॅॲल्ले', 'रीहिमॅएल्ले', 'हॅमेएन्लिन्नाआन', 'ताम्पेरेएल्ले'. मोठ्याने म्हणा, प्रत्येकाच्या आधी 'मॅ मेएन' लावून. यॅर्वेन्पॅमध्ये मधला 'ह' का आला हे वर सांगितलेल्या तीन घडणींवरून कळेल, शेवटचा भाग 'पॅॲ' एकाक्षरी आहे. रीहिमॅकी हे टेकडीचं नाव, त्यातला 'क' पूर्ण गळून 'रीहिमॅएल्ले' होतं. हा मार्ग न अडखळता आला, की विभक्तीचा अर्धा तक्ता पाठ न करता आलेला असतो.

आयटीतल्या मंडळींसाठी नोकिआचं उदाहरण. कंपन्यांच्या नावांना बाहेरचा गट लागतो, म्हणून 'नोकिआत लागलो' हे 'मेनिन नोकिआल्ले त्योइहिन'. ताम्पेरेजवळ नोकिआ नावाचं गाव आहे, कंपनीला नाव मिळालं ते तिथूनच, आणि त्या गावालाही 'नोकिआल्ले'च जातात. गाव की कंपनी, हे बोलण्याच्या ओघावरून ओळखायचं.

माणसाच्या घरी जायचं असेल तर 'ल्ले' पुरे. 'तूत्तेक्स ते मेइल्ले लाउआंताइना?' म्हणजे 'शनिवारी येता का आमच्याकडे?' 'मेइल्ले' शब्दशः 'आम्हाला', पण अर्थ 'आमच्याकडे', घर हा शब्द कुठेच नाही. 'कावेरिल्ले' म्हणजे मित्राकडे. आपल्या 'कडे'ची ही चाल फिनिशमध्ये इतकी सहज चालते, की मराठी विद्यार्थी ती एकदा ऐकून विसरत नाहीत. स्वतःच्या घरासाठी 'कोतीन', हेलसिंकीच्या तरुण बोलीत 'हिमाआन'. घरी असणं 'कोतोना', घरून 'कोतोआ', हे दोन शब्द नेहमीच्या साच्यात बसत नाहीत, ते तसेच घ्या.

वाहन आणि ठिकाण यांचा घोटाळा टाळा. 'मॅ मेएन बुस्सील्ला केस्कुस्ताआन' नव्हे, 'बुस्सिल्ला', ऱ्हस्व 'इ'. बसने गावाच्या मध्यभागी चाललोय. 'बुस्सीन' म्हटलंत तर तुम्ही बसमध्ये चढताय. ड्रायव्हरला विचारायचं: 'मेनेएक्स तॅॲ काम्प्पीन?' ही काम्पीला जाते का? उत्तर येईल 'योओ, मेनेए' किंवा 'एइ मेए'.

एक गोष्ट मराठीशी अजिबात जुळत नाही आणि तिच्यावर वेगळी मेहनत लागते. (न जाता किंवा मागे) राहणं, विसरणं, ठेवून येणं या क्रियापदांनाही फिनिशमध्ये 'तिकडे'चं रूप लागतं. आज घरीच राहतो हे 'मॅ यॅॲन कोतीन', 'कोतोना' नव्हे. फोन घरी विसरलो हे 'मॅ उनोहदिन पुहेलिमेन कोतीन'. बॅग बसमध्ये राहिली हे 'मुन रेप्पु यॅइ बुस्सीन'. आपल्याला वाटतं वस्तू तिथे पडून आहे, हालचाल कसली? फिनिश माणसाच्या दृष्टीने वस्तू तिकडे गेली आणि तिथेच थांबली. हे मनात एकदा चित्रासारखं बसलं की चूक होत नाही, पण बसायला वेळ लागतो. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर उभं राहण्याआधी निदान बॅगेचं वाक्य पाठ करून ठेवा.

लोक पुस्तकातलं बोलत नाहीत ही तक्रार खरी आहे, आणि तिचं एक ठोस कारण कानाने पकडता येतं. हेलसिंकी परिसरात शेवटचा 'न' पुष्कळदा गळतो. 'मॅ मेएन कोतीन' हे 'मॅ मेए कोती' असं ऐकू येतं. मग 'घर' आणि 'घरी' यांत फरक उरतो तो फक्त स्वराच्या लांबीचा: 'कोति' आणि 'कोती', 'कोउलु' आणि 'कोउलू'. मराठीत शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार आपण दीर्घच लिहितो आणि शेवटच्या लांबीवर आपला अर्थ अवलंबून नसतो, त्यामुळे आपला कान तिथे सावध नसतो. हा सराव मुद्दाम करावा लागतो. 'न' गिळायचा की नाही हे तुमच्यावर, पण स्वर पूर्ण लांबवा. 'न' म्हणून स्वर आखूड ठेवण्यापेक्षा स्वर लांबवून 'न' सोडलेला कधीही बरा, समोरच्याला तो लगेच कळतो. 'त' आणि 'प'ची काळजी नको, ते आपल्यासारखेच आहेत, फुंकर न मारता म्हटलेले. इंग्रजी वळणाचा 'ट' मात्र तोंडात येऊ देऊ नका.

रोजचा सराव सोपा ठेवा. सकाळी निघण्यापूर्वी दिवसभरात कुठेकुठे जायचंय ते मोठ्याने म्हणा: 'एका मॅ व्हिएन लाप्सेत पॅइवॅकोतीन, सित्तेन मॅ मेएन त्योइहिन, इल्लाल्ला मॅ कॅयुन काउपास्सा.' आधी मुलं पाळणाघरात, मग कामावर, संध्याकाळी दुकानात जाऊन यायचं. तीन वाक्यांत तुमचा दिवस येतो आणि उद्या त्यातला एखादाच शब्द बदलावा लागतो. ख्रिसमसच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर तेही आधीच तयार ठेवा, कारण ऑफिसात हमखास विचारतात: 'मॅ मेएन इंतिआआन कूकाउदेक्स', महिनाभरासाठी भारतात. पुढचा प्रश्न 'मिहिन?' असेल तर 'पुनेएन' किंवा 'मुम्बाइहिन'. गोव्याला जाणार असाल तर 'गोआल्ले', फिनिश पर्यटक हेच रूप सर्रास वापरतात.

आणि समोरचा इंग्रजीवर गेला तर? तो तुम्हाला मदत करायला गेलेला असतो, त्याला परत आणता येतं. 'वोइदाआन्को पुहुआ सुओमेआ?', फिनिशमध्ये बोलू या का? हे एवढं एक वाक्य ठाम आवाजात म्हणा आणि लगेच आपलं उत्तर पूर्ण करा, प्रत्यय चुकला तरी. 'वान्ताआसेएन' म्हणालात तरी तुम्ही कुठे चाललात ते त्याला कळतंच, आणि बहुधा तोच पुढच्या वाक्यात 'आहा, वान्ताआल्ले' असं म्हणून तुम्हाला बरोबर रूप देतो. ते रूप तिथल्या तिथे उचलून पुन्हा वापरा: 'नीन, वान्ताआल्ले.'